मध्यस्थ भाषा व मराठी

भाषा समाजात आपोआप वाढते, ती कोणी बसून घडवीत नाही, असे आपण धरून चालतो. आणि रोजच्या व्यवहारापुरते ते खरेही आहे. तथापि हेतुपुरस्सर भाषा घडविण्याचे प्रयत्न गेली साडेतीनशे वर्षे चाललेले आहेत. इंग्लंडातील जॉन विल्किन्स या विद्वान पाद्र्याने इ. स. १६६८ मध्ये सर्व वस्तूंचे वर्गीकरण करून त्या वर्गांवरून शब्द बनविणारी एक तत्त्वनिष्ठ भाषा ग्रंथरूपाने मांडली. पुढे १८८७ मध्ये वॉर्सा येथील नेत्रवैद्य झामेनहॉफ यांनी एस्पेरांतो प्रसिद्ध केली. भिन्नभाषी लोकांस परस्परांशी बरोबरीच्या नात्याने बोलता यावे, हा तिचा हेतू होता. आमच्या शेजारच्या पवनारास ज्यांचा आश्रम, त्या विनोबांनीही एस्पेरांतोचे धडे घेतले होते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. विल्किन्सची भाषा ग्रंथातच राहिली; झामेनहॉफ यांच्या भाषेस मात्र तीत बोलणारा, लिहिणारा व काव्य करणारा समाज मिळाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच कुळात एक तिसऱ्या प्रकारची भाषा जन्मास आली. ती माणसांनी बोलावयाची नव्हती. यंत्राने लिहावयाची व यंत्रानेच वाचावयाची होती. तिची व मराठीची गाठ मुंबईत पडली. त्या गाठीतून मराठी वाचकाने काय बोध घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या भाषेचे नाव ‘युनिव्हर्सल नेटवर्किंग लँग्वेज’, संक्षेपाने यूएनएल. टोकियो येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठात १९९६ मध्ये हिरोशी उचिदा या जपानी संशोधकाच्या नेतृत्वाखाली तिचे काम सुरू झाले. मूळ कल्पना साधी आहे. पंधरा भाषा घेतल्या आणि प्रत्येकीतून प्रत्येकीत भाषांतर करावयाचे ठरविले, तर दोनशे दहा मार्ग बांधावे लागतात. मध्ये एकच भाषा ठेवली म्हणजे प्रत्येक भाषेस दोन मार्ग पुरतात, एक मध्यस्थ भाषेत जाण्याचा व दुसरा तेथून परत येण्याचा. आणि सारे काम तीस मार्गांत आटोपते. जाण्याच्या साधनास ‘एन्कन्व्हर्टर’ व परतीच्या साधनास ‘डीकन्व्हर्टर’ अशी नावे ठेवण्यात आली. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य व त्यांचे विद्यार्थी यांनी भारतीय भाषांची बाजू उचलली. हिंदीचे काम प्रथम झाले. मागोमाग मराठीही त्या वाटेवर आली.

या भाषेची रचना एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘शेतकऱ्याने विळ्याने ज्वारी कापली’ हे वाक्य घ्या. यूएनएलमध्ये त्याचे ओळीत मांडलेले वाक्य उरत नाही. एक जाळे होते. मध्यभागी ‘कापणे’ ही क्रिया, तिच्यापासून तीन रेषा निघतात, आणि त्यांच्या टोकांस शेतकरी, विळा व ज्वारी असतात. पहिल्या रेषेवर ‘कर्ता’, दुसरीवर ‘साधन’, तिसरीवर ‘कर्म’ अशा अर्थाच्या खुणा असतात. क्रियेवर भूतकाळाचे चिन्ह असते. अशा संबंधदर्शक खुणा चाळीसहून अधिक आहेत. आता मौज अशी की, ‘शेतकऱ्याने’ व ‘विळ्याने’ या दोन्ही पदांस मराठीत एकच ‘ने’ प्रत्यय आहे. एक कर्ता व दुसरे साधन, हे प्रत्ययावरून कळत नाही. शेतकरी सजीव आहे व विळा हे अवजार आहे, या ज्ञानावरून कळते. हे ज्ञान यंत्रास शब्दकोशातून पुरवावे लागते. म्हणून यूएनएलच्या कोशात प्रत्येक शब्दापुढे कंसात त्याचे कुळ नोंदलेले असते. मराठी बोलणारे चार वर्षांचे मूल जे न शिकविता जाणते, ते यंत्रास लिहून द्यावे लागते. आणि ते लिहून देताना आपल्याच भाषेचा सांगाडा आपणांस नव्याने दिसू लागतो. या साधनांचा हा पहिला गुण होय, व तो लहान नाही.

संस्कृत व्याकरण जाणणाऱ्या वाचकांस येथे पाणिनीच्या कारकांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण या सहा कारकांनी क्रियेशी पदार्थांचा संबंध सांगण्याची पद्धत आपल्याकडे अडीच हजार वर्षांची जुनी आहे. रिक ब्रिग्ज या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये लिहिलेल्या एका लेखात हेच साम्य दाखविले होते. त्या लेखावरून ‘संगणकास सर्वांत योग्य भाषा संस्कृत, असा नासाचा निर्वाळा आहे’ असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांत रूढ झाला आहे. वस्तुतः ब्रिग्ज यांनी विचार केला होता तो कालिदासाच्या संस्कृताचा नव्हे, तर नव्यवैयाकरण वाक्याचा अर्थ उकलताना जे काटेकोर विवरण करीत त्याचा. ते विवरण, आणि नव्यनैयायिकांची ‘अवच्छेदक’, ‘निरूपित’ इत्यादि शब्दांनी बांधलेली परिभाषा, ही स्वतःच एक घडविलेली भाषा होती. संदिग्धता टाळण्यासाठी पंडितांनी ती मुद्दाम रचली होती. तीत कोणी बाजारहाट करीत नसे. तेव्हा अभिमान बाळगावयाचाच तर तो भाषेचा अर्थ उकलण्याचे शास्त्र आपल्या पूर्वजांनी फार लवकर उभारले याचा बाळगावा. यंत्राने संस्कृतास पसंत केले, या ऐकीव गोष्टीचा नव्हे.

वाक्यातील संबंधांची बाजू अशी भक्कम आहे. आता शब्दांची बाजू पाहू. घडविलेल्या भाषेतील शब्द यंत्रास सोपे जातात, याचे उत्तम उदाहरण एस्पेरांतो होय. तीत ‘मालसानुलेयो’ असा एक शब्द आहे. ‘सान’ म्हणजे निरोगी, ‘माल’ने अर्थ उलटा होतो, ‘उल’ने व्यक्ती, ‘एय’ने स्थान आणि अखेरच्या ‘ओ’ने नाम. निरोगी नसलेल्या माणसाचे स्थान, अर्थात् आपले ‘रुग्णालय’. वाचनास साह्य करणारे साधन असा शब्द पटकन फोडून दाखविते. तरी येथेही अडचण आहेच. ‘सेंतेमा’ हा शब्द एका रीतीने फोडला तर ‘संवेदनशील’ आणि दुसऱ्या रीतीने फोडला तर ‘विषयरहित’ असा अर्थ निघतो. कोणता घ्यावयाचा, हे नियम सांगत नाही, प्रसंग सांगतो. हॉलंडमधील उत्रेख्त येथे १९८० नंतरच्या दशकात एका कंपनीने एस्पेरांतोलाच यांत्रिक भाषांतराची मध्यस्थ भाषा करण्याचा मोठा प्रकल्प चालविला होता. त्यात मूळ लेखकास प्रश्न विचारून संदिग्धता दूर करण्याची सोय योजिलेली होती. म्हणजे अखेर माणसासच विचारावे लागले.

घडविलेल्या शब्दांचा अनुभव नागपुरासही आहे. आचार्य रघुवीर यांनी आपली सरस्वती-विहार ही संस्था १९४६ मध्ये लाहोरहून येथे आणली व संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या बळावर शास्त्रीय व शासकीय संज्ञांची टांकसाळच उघडली. त्या संज्ञा नियमाने सिद्ध झालेल्या, फोडून दाखविण्याजोग्या व बहुतेक निर्दोष होत्या. त्यांतील काही आज आपल्या तोंडी बसल्या, पुष्कळ कोशातच राहिल्या. शब्दाचे अवयव कळले म्हणजे शब्द कळला असे होत नाही. त्यास चार लोकांच्या तोंडून फिरून यावे लागते, हा त्यातील धडा आहे.

यूएनएलने तर शब्द घडविण्याचेही टाळले. तिचे ‘विश्वशब्द’ म्हणजे रोमन लिपीतील इंग्रजी शब्द व त्यापुढे कंसात अर्थाची मर्यादा. इंग्रजीत नसलेल्या कल्पनांसाठी मूळ भाषेतील शब्द रोमन अक्षरांत लिहून पुढे त्याचा वर्ग सांगावा, अशी सवलत होती. जपान्यांच्या पुष्परचनेचा ‘इकेबाना’ हा शब्द तीत असाच आला. या न्यायाने आपला ‘पोळा’ त्या भाषेत गेला तर ‘पोळा, सणाचा एक प्रकार’ असा जाईल. वर्ग बरोबर आहे. परंतु त्यातून बैल निघून गेला. ‘उष्टे’ हा शब्द घ्या. ‘उरलेले’, ‘शिळे’ आणि ‘उष्टे’ या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी घरात कोणास सांगावे लागत नाही. इंग्रजीत उरलेल्या अन्नाचा एक शब्द तिघांवर पांघरूण घालतो. मर्यादा जोडून ‘उष्ट्या’ची व्याख्या देता येईल, पण व्याख्या देण्याची पाळी नेहमी मराठीवर येणार आणि इंग्रजी शब्द मात्र व्याख्येवाचून विश्वशब्द ठरणार, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जी भाषा सर्वांची म्हणून पुढे आली, तिच्या घराचा पाया एका भाषेच्या जमिनीवर होता.

याहून सूक्ष्म दोष क्रियापदांत आढळतो. ‘मला लिहिता येत नाही’, ‘मी लिहू शकत नाही’ आणि ‘माझ्याच्याने लिहवत नाही’ ही तीन वाक्ये पाहा. पहिला मनुष्य बहुधा निरक्षर आहे. दुसऱ्यास काही अडथळा आहे. तिसऱ्याचा हात किंवा अंतःकरण चालत नाही. घरातील मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्राच्या अखेरीस ‘पुढे लिहवत नाही’ असे असते, तेथे ‘लिहू शकत नाही’ घालून पाहावे, म्हणजे पत्रच बदलते. सामर्थ्याचा अभाव एवढी एक खूण मध्यस्थ भाषेत गेली, तर परत येणाऱ्या यंत्राने या तिहींपैकी कोणते वाक्य निवडावे? ते बहुधा मधले, सर्वांत निर्विकार वाक्य निवडील. त्याची चूक कोणी काढू शकणार नाही, आणि त्यात काही उरलेलेही नसेल.

प्रमाण मराठीची ही गत, मग बोलींची काय कथा! आमच्या हुडकेश्वरच्या रस्त्यावर भाजी घेणारी बाई ‘कशी देऊन राहिले भाऊ मेथी?’ असे विचारते. येथे ‘देऊन राहिले’ म्हणजे ‘देत आहात’. राहण्याचा त्यात काही संबंध नाही. पुण्याच्या व्याकरणावर पोसलेले यंत्र ‘तो जाऊन राहिला’ या वाक्याचा अर्थ ‘तो गेला व तेथे मुक्काम केला’ असा लावील, तर नागपूरकरास तो मनुष्य अजून वाटेतच दिसतो. शिकविणाऱ्याने वऱ्हाडी-नागपुरीस अशुद्ध म्हणून कोशाबाहेर ठेवले, तर यंत्र ती अशुद्ध म्हणूनच वाचणार.

तथापि या सर्वांहून बोलके उदाहरण एका सर्वनामाचे आहे. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हणताना ऐकणारा पंक्तीबाहेर राहतो. ‘आपण जेवायला बसू’ म्हणताना त्यास पाट मांडला जातो. हाच भेद तमिळात ‘नांगळ्’ व ‘नाम्’ या शब्दांनी, तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ या शब्दांनी दाखविला जातो. दोन्ही टोकांच्या भाषांत ही संपत्ती आहे. पण मराठीतून तमिळात जाताना मध्ये इंग्रजी आली की दोहोंचे एकच सर्वनाम होते, आणि पलीकडे पोहोचल्यावर यंत्रास अंदाज बांधावा लागतो. पाहुण्यास जेवावयास बोलाविले की घालविले, हे मग नशिबावर अवलंबून. दोन घरांत एकाच जातीचे सामान असून वाटेतला दरवाजा अरुंद म्हणून ते बाहेरच राहावे, तसे हे आहे.

यावर कोणी म्हणेल की, काव्याचा व लोकव्यवहाराच्या बारकाव्यांचा भार या साधनांवर घालणे अन्यायाचे आहे. ती त्यासाठी रचलेलीच नव्हती. हा आक्षेप रास्त आहे. मुंबईच्या त्याच आय.आय.टी.त शेतकऱ्यांच्या प्रश्नोत्तरांसाठी ‘आ-ॲक्वा’ नावाचे संगणकीय व्यासपीठ उभारण्यात आले, आणि मराठी, हिंदी व इंग्रजी या भाषांतील शेतीविषयक माहिती शब्दांवरून नव्हे तर अर्थावरून शोधता यावी म्हणून यूएनएलवर आधारलेला ‘ॲग्रो-एक्सप्लोरर’ हा शोधक रचण्यात आला. कपाशीवर पडलेल्या किडीविषयी मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी टिपणात असेल, तर ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचावे, हा तो हेतू. येथे कर्ता, कर्म व साधन एवढे कळले तरी मोठे काम होते. ज्या क्षेत्रात अर्थ हाच आशय असतो तेथे मध्यस्थ भाषा उपयोगी. जेथे आशय अर्थाहून मोठा असतो तेथे ती अपुरी, असा निर्णय देण्यास हरकत नाही.

परंतु यूएनएल मागे पडली ती या अपुरेपणामुळे नव्हे. प्रत्येक शब्दाचे कुळ लिहावयाचे, प्रत्येक रचनेचा नियम बांधावयाचा, या कामास पंडितांचे अपार श्रम लागतात. आणि तेवढ्यात दुसरी स्वस्त रीत हाती आली. भाषांतरित मजकुराचे ढीग यंत्रास द्यावे व त्यावरून त्याने स्वतःच अनुमान बांधावे, ही ती रीत. तिने बाजी मारली. पण या रीतीचा न्याय निराळा आहे. गूगलच्या भाषांतर-यंत्रात एस्पेरांतो २०१२ च्या फेब्रुवारीत आली. मराठी आली २०१३ मध्ये. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. एस्पेरांतो जाणणाऱ्यांची संख्या त्यापुढे नगण्य होय. तरी ती आधी पोहोचली. एस्पेरांतोचा भाषांतरित मजकूर जर्मन किंवा स्पॅनिशच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी होता, तरी भाषांतर अनपेक्षितपणे चांगले उतरले, कारण भाषाच नियमित होती, असे त्या वेळी गूगलने कळविले होते. या गोष्टीत दोन बोध आहेत. नियमितपणा यंत्रास उपकारक असतो, हा पहिला. दुसरा आपणांस अधिक लागू आहे: यंत्र बोलणारी तोंडे मोजीत नाही, लिहिलेली पाने मोजते, आणि एस्पेरांतोच्या लोकांनी आपल्या भाषेत हौसेने लिहिले, भाषांतरे केली व ती खुली ठेवली.

नव्या यंत्रांस घोषित अशी मध्यस्थ भाषा नाही. तथापि मराठीसमोर ठेवलेला भाषांतरित मजकूर बहुतांशी इंग्रजी असल्यामुळे इंग्रजीच मध्यस्थाचे काम करते. फक्त तिच्या गळ्यात पट्टा नाही. माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे. यूएनएलमध्ये मध्यस्थ कोण, हे उघड होते. तिचा कोश वाचता येत होता, तिचे नियम तपासता येत होते. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांचा भेद हरवतो असे दिसले, तर त्यासाठी निराळे चिन्ह घालावे असे सांगण्यास जागा होती. आणि ते चिन्ह घातले म्हणजे मराठीपासून तमिळापर्यंत सर्वांस त्याचा लाभ होता. घडविलेली भाषा चुकीची असली तरी दुरुस्त करता येते, कारण ती कोणीतरी घडविलेली असते. आजच्या यंत्राच्या पोटात जी मध्यस्थी चालते तिच्यापुढे असे बोट ठेवता येत नाही. भाषांतर पूर्वीहून कितीतरी सफाईदार झाले आहे हे निर्विवाद. पण सफाईमुळे हरवलेली वस्तू हरवली असे वाटेनासे होते, हा तिचा धोका आहे. अडखळणारे भाषांतर वाचणाऱ्यास सावध ठेवीत असे.

मग करावे काय? यूएनएल पुनः जिवंत करावी, असा माझा आग्रह नाही. तिच्यामागची शिस्त मात्र टाकून देऊ नये. इंग्रजीस मध्ये न आणता भारतीय भाषांत परस्पर भाषांतर करण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे. अनेक संस्थांनी मिळून रचलेल्या ‘संपर्क’ या प्रणालीत मराठी व हिंदी यांची जोडी पाणिनीय पद्धतीच्या विश्लेषणावर उभारण्यात आली होती. मुंबईतच मराठी शब्दांचे अर्थसंबंध नोंदणारा ‘वर्डनेट’ हा संगणकीय कोश तयार झाला. मराठी शब्दाची व्याख्या मराठी शब्दांनीच करणाऱ्या अशा कोशांत ‘उष्टे’ शिळ्याहून वेगळे राहू शकते. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत सामान्य नागरिकांस आपल्या भाषेतील वाक्ये व उच्चार देण्याची सोय ‘भाषादान’ या नावाने ठेवलेली आहे. त्या दानात प्रमाण भाषेची गुळगुळीत वाक्येच गेली, तर यंत्र गुळगुळीत मराठीच शिकेल. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांनी आपली वाक्ये आपल्याच वळणाने द्यावीत.

सर्वांत मोठे काम मात्र साहित्यिकांचे आहे. मराठीतून तमिळात, कन्नडात, बंगालीत सरळ झालेली भाषांतरे आपल्याकडे फार थोडी आहेत. बरीच इंग्रजी किंवा हिंदी भाषांतरावरून केली जातात. म्हणजे यंत्राने अरुंद दरवाजा बांधला अशी तक्रार करण्यापूर्वी, तो आपण स्वतःच वापरात आणला आहे, हे पाहिले पाहिजे. दोन भाषा जाणणारा एक चांगला भाषांतरकार ‘आपण’ हा शब्द ‘नाम्’पर्यंत सुखरूप नेतो, आणि त्याने तो शंभर वेळा नेला म्हणजे यंत्रासही ती वाट सापडते. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी शेजारच्या एकेका भाषेचे अध्ययन सक्तीचे केले व साहित्यसंस्थांनी अशा सरळ भाषांतरांस पारितोषिकांहून अधिक म्हणजे नियमित वेतन दिले, तर दहा वर्षांत फरक दिसेल.

हुडकेश्वर, नागपूर